यंत्रावरचं ओलं पोतं

चतुराबाईंबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे, हे भालचंद्ररावांनी मनाशी आठवून पाहिलं, तर ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि खाली सहीपुरती जागाही उरली असती. आंबेसावंगीच्या गायरानाच्या कडेला, चिंचांखाली, होळीपासून मृगापर्यंत त्या पाणपोई चालवत. नवरा फार पूर्वी गेलेला. एक मुलगी राजूरला दिलेली. बस्स. बाईंचं आडनाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि साहेब कुठल्या कचेरीतून निवृत्त झाले, हे बाईंनीही कधी विचारलं नव्हतं.

तरी आश्विनात एका सकाळी आंबेसावंगीच्या सरपंचांचा, मच्छिंद्र यांचा, त्यांना जालन्याला फोन आला.

"भाऊ, चतुरामाय गेली. लेकीकडं गेल्ती, तिथंच. दहाव्याला दोन शब्द तुमीच बोला."

"मी? अहो, मला काय माहीत त्यांच्याबद्दल?"

"तुमचंच जमायचं तिच्याशी. दर गुरुवारी बसायचे की न्हाई?"

भालचंद्ररावांनी फोन ठेवला. त्यांच्या पत्नी उमाबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन शब्द बोलणार? घरात तर एकसुद्धा ऐकू येत नाही."

यात खोटं काही नव्हतं. बांधकाम खात्यात कारकुनी करताना भालचंद्ररावांनी आवाज चढवला नाही, आणि निवृत्त झाल्यावर तर चढवायला कारणच उरलं नाही. चार माणसांसमोर ते आयुष्यात एकदाच बोलले होते, तेही याच उन्हाळ्यात, आंबेसावंगीच्या ग्रामसभेत. आणि त्या दिवशी जे झालं त्यात बोलणं त्यांचं होतं, पण गोष्ट चतुराबाईंची होती. दहाव्याला सांगायचं तर तेवढंच सांगता येण्यासारखं होतं.

आंबेसावंगीला भालचंद्ररावांची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, बटईनं दिलेली. ती बघायला म्हणून ते दर गुरुवारी एसटीनं वाटूर फाट्यावर उतरत आणि तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गावात येत. जमिनीत त्यांना काही कळत नसे. बांधावर उभं राहून ते मोसंबीच्या झाडांकडे थोडा वेळ बघत, मग उन्हाला कंटाळून चिंचांखाली येऊन बसत.

पाच चिंचा होत्या, जुन्या आणि रुंद. त्यांच्याखाली वाळूत अर्धे पुरलेले तीन रांजण, प्रत्येकाला ओलं पोतं गुंडाळलेलं. बाजूला एक फळी आणि फळीवर पालथे घातलेले तांबे. पाणी पिऊन झालं की तांब्या पालथाच ठेवायचा, हा चतुराबाईंचा एकुलता एक नियम. सरपंच असो की मेंढरं घेऊन चाललेला धनगर, त्याला तो पाळावा लागे. कुणी विसरला की बाई मागून हाक मारत, आणि माणूस अर्ध्या रस्त्यातून परत येई.

चिंचांच्या पलीकडे, सावलीच्या बाहेर, तारेच्या कुंपणात एक हवामानाचं यंत्र होतं. पीकविम्याचं यंत्र वेगळं, ते महसूल मंडळाच्या गावी. हे पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेनं गावाला दिलेलं. एक खांब, त्यावर वारा मोजायच्या वाट्या, आणि छातीइतक्या उंचीवर एकावर एक पांढऱ्या ताटल्या रचल्यासारखा डबा. डब्यात ऊन मोजलं जाई आणि आकडा गावातल्या लोकांच्या मोबाइलवर येई. बसवणारा इंजिनियर जाताना चतुराबाईंना म्हणाला होता, "मावशी, तुम्ही इथंच असता. याच्याकडे जरा लक्ष ठेवा. फार नाजूक आहे." आणि मच्छिंद्र यांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, "मोडलं तर दुसरं भेटणार न्हाई. कोणी हात लावला तर त्याची खैर न्हाई."

ही दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. यंत्र बसलं तेव्हा वैशाख संपत आला होता. त्या साली आकडा चव्वेचाळीसपर्यंत गेला. पुढच्या साली मात्र तो अडतीस-एकोणचाळीसच्या वर चढेना, आणि यंदाही तसंच. अंग भाजत होतं, पण मोबाइल अडतीस म्हणत होता. म्हातारी माणसं म्हणू लागली, ऊन तेवढंच आहे, आपलंच वय झालं.

या आकड्यांचा सगळ्यात मोठा आनंद कल्याणला झाला होता. कल्याण वीटभट्टीवाला. चाळिशीतला, बोलका, कुणाच्याही लग्नात पुढे होऊन वाढणारा. गावातली निम्मी घरं त्याच्या विटांची. गुरुवारी तो चिंचांखाली आला की भालचंद्ररावांशी त्याचा वाद ठरलेला.

"काका, पेपरात काय आलं आज? माणसानं ऊन वाढवलं?"

"तसं आलंय खरं."

"सूर्य काय माणसाच्या बापाचा नोकर हाय का? आन् हे बघा," कल्याण मोबाइल पुढे धरी, "अडतीस. तीन वर्षं झाली माझी भट्टी धूर सोडून राह्यली. वाढायला पायजे का न्हाई? कमी झालं! माझ्या धुरानं गाव थंड झालं म्हणा की."

भालचंद्ररावांना उत्तर माहीत असे, पण ते ओठांवर येईपर्यंत कल्याण मोटारसायकलला किक मारून गेलेला असे. चतुराबाई पोत्यांवर पाणी शिंपडत म्हणत, "तांब्या पालथा घाल रे, कल्याण्या."

चेष्टेपर्यंत हे ठीक होतं. पण एप्रिलात कल्याणनं ग्रामपंचायतीकडे अर्ज केला. जुन्या भट्टीच्या जागेतली माती संपली होती. गायरानाची ही कड त्याला भाड्यानं हवी होती, भट्टी इथे हलवायला. कडेत पाचही चिंचा येत होत्या. त्या काढाव्या लागणार, हे त्यानं लपवलं नाही.

चिंचा गेल्या तर पाणपोई जाणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. उघड्यावर रांजण ठेवून काय करायचं? आणि पाणपोई गेली तर चतुराबाईंनी दिवसभर कुठे बसायचं, हा प्रश्न गावात कुणी विचारला नाही. बाईंनीही विचारला नाही. एका गुरुवारी त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "भाऊ, या मधल्या चिंचंखाली रांजण दुसऱ्या जाग्यापेक्षा थंड राह्यते. का ते म्हाईत न्हाई. पण राह्यते."

एक मेची ग्रामसभा पंचायतीच्या पत्र्याच्या सभागृहात बसवणार होते, पण आत पाय ठेवणं अशक्य होतं. म्हणून सतरंज्या चिंचांखाली आणल्या. झाडं काढायची की ठेवायची, याची चर्चा करायला सगळं गाव त्याच झाडांच्या सावलीत बसलं, आणि चतुराबाई सगळ्यांना पाणी देत फिरत होत्या.

कल्याण आधी बोलला. त्यानं झाडांबद्दल वाईट शब्द काढला नाही. भट्टीवर गावातली किती माणसं कामाला येतात ते सांगितलं, शाळेच्या भिंतीला विटा फुकट दिल्या त्याची आठवण दिली, आणि शेवटी मोबाइल वर धरला.

"राह्यला सवाल धुराचा. काही लोक म्हणते, धुरानं ऊन वाढतं. आपल्या गावचं यंत्र काय म्हणतं? हे कुणी दिल्लीत बसून लिहिलेलं न्हाई. तुमच्या डोळ्यासमोर उभं हाय. आता, या टायमाला, सदोतीस!"

पंचायतीच्या सदस्य दैवशाला उठल्या. त्यांची मोसंबीची बाग होती. "यंत्राचं यंत्राला म्हाईत. माझ्या झाडाखाली या अन् बघा. आंब्याबहाराची फळं सुपारीएवढी होऊन गळून राह्यली. ऊन वाढलं न्हाई तर काय ती चालून आली का खाली?"

"वहिनी, पाणी बराबर दिलं का?"

"तू तुझ्या विटा बराबर भाज!"

हशा पिकला. मच्छिंद्र यांनी हात वर केला आणि ज्याची भालचंद्ररावांना सकाळपासून धास्ती होती तेच झालं. "भाऊ रोज पेपर वाचतेत. भाऊ, तुमी सांगा. माणसानं ऊन वाढतं का न्हाई? एकदा काय ते होऊन जाऊ द्या."

भालचंद्रराव उठले. त्यांचा चष्मा घामानं घसरत होता.

"सूर्य तोच आहे," ते म्हणाले. "तो मोजणारी माणसं आहेत. त्यांना तो वाढलेला दिसत नाही. पण आपण कोळसा जाळतो, डिझेल जाळतो. गावात नाही, सगळ्या दुनियेत, शंभर-दीडशे वर्षं. त्यातून एक हवा सुटते. दिसत नाही ती. ती पृथ्वीभोवती बसते, गोधडीसारखी. आत आलेली ऊब मग लवकर बाहेर जात नाही. गोधडी जाड होत चाललीय, एवढंच."

"वैशाखात गोधडी!" कल्याण ओरडला आणि पुन्हा सगळे हसले. भालचंद्ररावांना वाटलं, झालं, आता बसावं. पण खाली बसायला ते वाकले आणि समोर चतुराबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"भाऊ, पांघरुणानं एवढा फरक पडतो का?"

"पडतो की."

"आन् पांघरूण ओलं असलं तर?"

"तर गार पडेल. तुमच्या रांजणासारखं."

चतुराबाईंनी तांब्या त्यांच्या हातात दिला आणि त्या यंत्राकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला. सभेत बाईमाणसं बोलताना डोक्यावर पदर घेतात, खोचत नाहीत. म्हणून ते भालचंद्ररावांच्या लक्षात राहिलं.

"सरपंच, ते यंत्र सदोतीस म्हणून राह्यलं ते माझ्यामुळं. मी त्याला ओलं पोतं घालते."

कुणाला काही कळलं नाही.

"रोज घालते. दुपारी दोनदा पाणी मारते. संध्याकाळी काढते. मागल्या साली होळीपासून. ते बघा की, आत्ता बी हाय."

सगळ्या माना एकदम वळल्या. यंत्राच्या पांढऱ्या डब्यावर पोतं होतं. ते नवं नव्हतं, लपवलेलं नव्हतं. सगळ्या गावानं ते दोन उन्हाळे पाहिलं होतं. कुणाला वाटलं, यंत्राचंच ते काहीतरी असेल. कुणाला वाटलं, संस्थेनं घालायला सांगितलं असेल. भालचंद्ररावांना तर वाटत होतं, बाईंनी पोतं वाळत घातलंय.

"चतुरामाय," मच्छिंद्र यांचा आवाज बदलला, "हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलं होतं ना?"

"हात कुठं लावला? त्या पोरानं मला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. आपण सगळे सावलीत, आन् ते नाजूक म्हणून सांगितलेलं, ते एकटंच उन्हात. मंग लक्ष ठेवायचं म्हंजे काय करायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काढून टाका हिला पाणपोईवरून. दोन वर्षं गावाला येड्यात काढलं." बाईंनी ते ऐकलं. त्यांचा हात फळीवरच्या एका तांब्यावर जाऊन थांबला.

मग कल्याणच उठला. "थांबा. बघू तर खरं," म्हणत तो कुंपणात शिरला आणि त्यानं पोतं उचलून बाजूला फेकलं. त्या यंत्राचा आकडा मोबाइलवर थोड्या थोड्या वेळानं बदलत असे. सभा थांबली. लोक उठून कल्याणभोवती जमले, जसे कुणाच्या मोबाइलवर क्रिकेटचं शेवटचं षटक बघायला जमतात. चतुराबाई मात्र यंत्राकडे पाठ करून बसल्या.

आकडा बदलला. एकोणचाळीस. कुणीतरी शिट्टी वाजवली. पाणी पिऊन लोक परत आले. एक्केचाळीस. मग बेचाळीसच्या वर काहीतरी. पोतं तोवर जमिनीवर कडक होऊन गेलं होतं.

"म्हंजे माणसानं ऊन कमी झालं," कल्याण सावकाश म्हणाला. तो हरल्यासारखा दिसत नव्हता, विचार करत होता. "वाढलं कुठं?"

"कमी होतं तर वाढतं बी," दैवशाला म्हणाल्या. "एका पोत्यानं एवढं होतं, तर तुझ्या भट्टीनं काय होत असंल?"

"वहिनी, एका डब्याचं ऊन आन् दुनियेचं ऊन एक असतं का? हे बिलकुल चूक हाय. काका, तुमी सांगा. एक असतं का?"

भालचंद्रराव अडचणीत सापडले. हो म्हटलं असतं तर सभा जिंकली असती, कारण सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि वारं त्यांच्या बाजूनं होतं. पण ते म्हणाले, "नाही. कल्याणचं बरोबर आहे. या डब्यानं काही सिद्ध होत नाही. त्याचंही नाही, माझंही नाही. असे हजारो डबे आहेत जगात, समुद्रावर, डोंगरावर, त्यांच्यावर पोतं नाही, आणि ते सगळे मिळून सांगतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. आणि ही जी पोत्याची दोन वर्षं आहेत, ती आपण धरू नयेत. एवढंच मला म्हणायचं होतं."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण घोटाळा केला. पण मच्छिंद्र यांना निर्णय पुढे ढकलायला कारण हवंच होतं, ते मिळालं. यंत्र उघडं ठेवायचं, उन्हाळाभर आकडा बघायचा, आणि गायरानाचा विषय ऑगस्टच्या सभेत घ्यायचा. पाणपोईबद्दल कुणीच काही ठरवलं नाही, म्हणजे ती राहिली. सतरंज्या उचलल्या.

त्या दिवशी फाट्यापर्यंत सोडायला कुणी मिळेना, म्हणून भालचंद्रराव उशिरापर्यंत बसून होते. त्यांनी विचारलं, "चतुराबाई, तुम्ही बोललाच नसता तर? कुणाला काही कळलं नसतं. आणि पाणपोई जायची वेळ आली होती."

"आकडा खोटा निघाला तर झाडं राह्यतील, असं वाटलं मला," बाई म्हणाल्या. "मंग बोलले. नंतर कळलं, माझ्यावरच यायचं." मग कुणी विचारलं नसताना त्यांनी सांगितलं, "मालक जालन्याला एमआयडीसीत होते. लोखंडाच्या मिलमध्ये, भट्टीवर. घरी आले की पाठ नुसती लाल. मी ओलं पोतं टाकायचे पाठीवर. तवा कुठं त्यांना झोप लागायची. उन्हात काही उभं दिसलं की मला ऱ्हावत न्हाई, भाऊ."

नवऱ्याबद्दल भालचंद्ररावांनी ऐकलेलं ते पहिलं आणि शेवटचं. जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्यावरून ते चाळीस वर्षं ये-जा करत होते.

मे महिन्यात यंत्र उघडं होतं. चव्वेचाळीस दाखवलं, एके दिवशी त्याच्याही वर. कल्याण गुरुवारी येऊन मोबाइल दाखवेनासा झाला, पण वाद त्यानं सोडला नाही. "औंदा ऊन जास्तच हाय," तो म्हणे, "पण ते सूर्याचंच." चतुराबाईंनी आपलं बसायचं पोतं दुसऱ्या बाजूला सरकवलं होतं, यंत्र दिसणार नाही असं. "तिकडं बघवत न्हाई," म्हणाल्या.

ऑगस्टच्या सभेत गायरानाचा विषय आलाच नाही. कल्याणला वाटूर रस्त्याला चुलतभावाचं रान मिळालं, तिथे माती चांगली निघाली आणि ट्रकही दारात येतो. कुणाला काही पटलं म्हणून चिंचा वाचल्या, असं म्हणता येणार नाही. पण पाचही आहेत. पुढच्या वर्षी काय, ते सांगता येत नाही.

दहाव्याला हे सगळं बोलावं की नाही, हे भालचंद्ररावांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. लोक हसतील, हे एक. आणि हसले तर बाईंना आवडेल की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. एवढंही माहीत नव्हतं. त्यांना शेवटची भेट तेवढी नीट आठवत होती, आणि तिच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

जूनचा पहिला गुरुवार होता. पाणपोई आवरायला आली होती. दोन रांजण उपसून पालथे घातले होते, एक चालू होता. फाट्यापर्यंत नेणारी मोटारसायकल येऊन उभी राहिली, म्हणून भालचंद्रराव घाईघाईत पाणी प्यायले आणि तांब्या फळीवर ठेवून मागे जाऊन बसले. गाडी सुरू झाली तेवढ्यात मागून हाक आली.

"भाऊ, तांब्या!"

ते उतरले, परत आले आणि त्यांनी तांब्या पालथा घातला.

"राह्यलाच की," ते म्हणाले.

"राह्यतो," चतुराबाई म्हणाल्या. "जा आता जल्दी, गाडी चुकंल."